मेडिकलच्या काउंटरवर नक्की काय विचारायचं? आय-पिल, पाळी ढकलायच्या गोळ्या, पांढरं जाणं वगैरे

रानजाई (धागाकर्ती)

पॅड मागितले की वर्तमानपत्रात गुंडाळून मिळतात. आय-पिल (संबंधानंतर घ्यायची आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी) मागितली की डबी न बोलता पुढे सरकवली जाते आणि दुकानदार लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. घेणारी सुटते, देणाराही सुटतो. घोळ होतात ते मात्र इथेच, कारण विचारायचं आणि सांगायचं दोन्ही राहून जातं. काय विचारायला हवं, फार्मासिस्ट काय देऊ शकतो, कुठे त्याने "डॉक्टरांकडे जा" म्हणायलाच हवं, हे सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी एक गोष्ट. काउंटरवर उभा असलेला प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो. डी. फार्म. किंवा बी. फार्म. करून राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी केलेला असतो तो फार्मासिस्ट. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार औषध समजावून सांगणं आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं ही त्याच्या कामाचीच बाब आहे, उपकार नव्हे. तेव्हा दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य "फार्मासिस्ट सर किंवा मॅडम आहेत का? दोन मिनिटं बोलायचंय" हे असावं. गर्दी असेल तर औषधाचं नाव आणि प्रश्न मोबाइलवर टाइप करून दाखवा. दुपारी दोन ते चार बहुतेक दुकानं रिकामी असतात. बिलावर नाव घालायची गरज चिठ्ठीच्या औषधांना असते, आय-पिल, कंडोम, टेस्ट किट यांना नाही.

आय-पिलपासून सुरुवात करू. सर्वात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

खलबत्ता

आय-पिल, अनवाँटेड-७२ ही नावं वेगळी, औषध एकच: लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, एकच गोळी. भारतात २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. फार्मासिस्टने देताना आणि घेणारीने मनात तपासायचे प्रश्न असे:

संबंध कधी आला? गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, म्हणून दिवस नको, तास मोजा. शनिवारी रात्री अकराला आला असेल तर ७२ तास मंगळवारी रात्री अकराला संपतात. पण "अजून वेळ आहे" म्हणून थांबू नका. गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, एवढंच तिचं काम. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणजे पहिल्या बारा तासांतली गोळी आणि सत्तराव्या तासाची गोळी यांच्यात खूप फरक आहे.

याच पाळीचक्रात त्याआधी आणखी कधी विनासंरक्षण संबंध आला होता का? आला असेल आणि गर्भ आधीच राहिला असेल तर ही गोळी तो पाडत नाही. त्याला अपायही करत नाही. ही गर्भपाताची गोळी नव्हे.

दुसरी कोणती औषधं चालू आहेत? हा प्रश्न काउंटरवर जवळपास कुणीच विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, एचआयव्हीवरचं एफाव्हिरेन्झ ही औषधं यकृतातली एन्झाइम्स वाढवतात, त्यामुळे हे हार्मोन शरीरातून लवकर निघून जातं. अशा बाईने डॉक्टरांकडे जाऊन तांबी (कॉपर-टी) बसवून घेणं उत्तम. ते जमणारच नसेल तर दुप्पट डोस म्हणजे तीन मिलिग्रॅम घेतात, पण तेही डॉक्टरांशी बोलूनच. टीबीची औषधं बंद केल्यावरही पुढचे २८ दिवस हा परिणाम धरायचा.

वजन साधारण ७० किलोच्या वर असेल तर गोळीचा भरवसा कमी होतो. तिथेही तांबी सरस.

पाचूंदा

खलबत्ता, तांबीबद्दल जरा विस्ताराने लिहा ना. लोकांना वाटतं तांबी दोन मुलं झाल्यावरच बसवतात.

खलबत्ता

कॉपर-टी संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर आपत्कालीन उपायांमध्ये ती सगळ्यात खात्रीची. नंतर काढायची घाई नसेल तर तीच वर्षानुवर्षं चालते. मूल झालेलं नसलं तरी बसवता येते. सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात. अर्थात फार्मासिस्ट ती बसवू शकत नाही. पण चौथ्या दिवशी कुणी आय-पिल मागायला आलं तर तिला "उशीर झाला" म्हणून परत पाठवण्यापेक्षा "आजच ग्रामीण रुग्णालयात जा, तांबीची वेळ अजून आहे" हे सांगणं त्याच्या हातात आहे.

निरांजन

गोळी घेतल्यानंतरचं लिहिते, कारण फोनवर सगळे प्रश्न तेव्हाचे येतात.

दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी परत घ्यायची. मळमळ असेल तर पोटात थोडं काही असताना घ्या. उपाशीपोटीच घ्यावी असा नियम नाही.

तीन-चार दिवसांनी थोडे डाग पडले तर "निघून गेलं" असा अर्थ बायका काढतात. चूक. तो हार्मोनचा परिणाम आहे, गर्भ राहिला की नाही ते त्यावरून काहीच कळत नाही. पुढची पाळी आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते. ठरलेल्या तारखेवर सात दिवस जास्त गेले, किंवा पाळी आली पण नेहमीपेक्षा फारच कमी अंगावरून गेलं, तर प्रेग्नन्सी टेस्ट करा. संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली टेस्ट पक्की.

गोळी मागच्या संबंधासाठी असते, पुढच्यासाठी नाही. उलट बीज लांबल्यामुळे त्याच महिन्यात नंतर धोका राहतो. म्हणून पाळी येईपर्यंत कंडोम वापरायचाच.

अंगावर पाजणारी आई घेऊ शकते, दूध तोडावं लागत नाही. पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. एका महिन्यात दोनदा घेतली म्हणून पिशवी खराब होत नाही, मात्र पाळीचं वेळापत्रक कोलमडतं आणि दर वेळी भरवसा कमीच. महिन्यातून दोनदा आय-पिल न्यायला येणाऱ्या मुलीला फार्मासिस्टने रोजच्या गोळ्यांबद्दल सांगायला हवं. तुच्छतेने पाहणं हा काही सल्ला नाही.

तळेगावकर

वयाबद्दल काय? सोळा-सतरा वर्षांची मुलगी आली तर बरेच दुकानदार नाही म्हणतात. कायदा काय सांगतो?

काळा कोट

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आय-पिल विकायला औषधविषयक कायद्यात वयाची अट नाही. पॉक्सो कायदा वेगळा आहे. अठराखालच्या व्यक्तीशी संबंध हा त्यात गुन्हाच, संमती असो वा नसो, आणि कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं कळलेल्या कोणाही व्यक्तीवर कळवण्याची जबाबदारी येते. दुकानदार घाबरतात ते या कलमाला. पण गोळी नाकारल्याने ती जबाबदारी टळत नाही, मुलीचे तास मात्र वाया जातात. जबरदस्ती झाली असेल तर गोळीसोबत सरकारी रुग्णालयात पाठवणं भाग आहे. तिथे उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात, आधी पोलीस तक्रार करून या असं सांगता येत नाही.

गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात डॉक्टरांना मुभा दिली आहे, की अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करू नये.

कौलारू

रोजच्या गोळ्या. सरकारी माला-एन मोफत, माला-डी विकत. आतलं औषध एकच: लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ आणि एथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, मध्ये खंड नाही. याही चिठ्ठीशिवाय मिळतात. पण चिठ्ठी लागत नाही म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं नाही. निदान एवढं विचारा:

रक्तदाब किती आहे (दुकानात मशीन असतं, दोन मिनिटं लागतात, १४०/९० किंवा वर असेल तर ही गोळी नको)? वय ३५ च्या वर आणि तंबाखू, बिडी, सिगारेट? डोकेदुखीच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येतात का? पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली होती का? बाळंतपण होऊन किती दिवस झाले? अंगावर पाजत असेल तर पहिले सहा महिने ही गोळी देत नाहीत. वर आलेली टीबीची आणि फिट्सची औषधं इथेही आड येतात. साधी अँटिबायोटिक्स, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, यांनी गोळीचा परिणाम जात नाही. जोराच्या उलट्या-जुलाबांनी जातो.

विसरण्याचे नियम पाकिटातल्या कागदावर असतात, पण कागद इतका बारीक की चष्म्यानेही वाचवत नाही. एक गोळी विसरली: आठवेल तेव्हा घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात, बाकी काही नको. दोन किंवा जास्त विसरल्या: शेवटची राहिलेली लगेच घ्या, आधीच्या राहिलेल्या सोडून द्या, पाकीट पुढे चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम. हे तिसऱ्या आठवड्यात घडलं तर लोहाच्या सात गोळ्या टाकून थेट नवं पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात घडलं आणि संबंध आला असेल तर आय-पिलचा विचार करा. सगळ्यात वाईट चूक म्हणजे पाकीट सुरू करायला उशीर करणं. हार्मोनची सात दिवसांची सुटी नऊ दिवसांची झाली की बीज तयार व्हायला वाट मोकळी.

मोगरी

छाया ही गर्भनिरोधक गोळी राहिली. आशाताईंकडून हीच जास्त जाते. सेंटक्रोमन ३० मिलिग्रॅम, लखनौच्या सीडीआरआयमध्ये (केंद्रीय औषध संशोधन संस्थेत) तयार झालेलं आपलं औषध, बाजारात सहेली नावानेही आहे. हार्मोन नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर एकदाच. समजा पहिली गोळी रविवारी घेतली, तर तीन महिने रविवार-बुधवार आणि चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. पाळी कधी आली ते नंतर बघायचं नाही, वार धरून चालायचं.

चुकते कुठे, तर तीन महिन्यांचा टप्पा ओलांडताना. काही जणी दोनदाच घेत राहतात, काही पहिल्यापासून एकदाच घेतात. घरातल्या कॅलेंडरवर पुढच्या तीन महिन्यांच्या वारांना गोल करून ठेवावेत. उशीर सात दिवसांपेक्षा कमी असेल तर आठवेल तेव्हा घ्या, नेहमीचा वार चालू ठेवा, पुढची पाळी येईपर्यंत कंडोम. सात दिवसांवर गेला तर पहिल्यापासून, म्हणजे परत तीन महिने दोनदा.

या गोळीने पाळी लांबते, कमी जाते. सुरुवातीच्या महिन्यांत हे धरून चाला. पंधरा दिवसांच्या वर लांबली तर टेस्ट. पीसीओडी असेल, नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर ही गोळी नको.

पाचूंदा

आता सगळ्यात जास्त खपणारी गोळी घ्या. गणपती, लग्न, सत्यनारायण, वारी. "पाळी पुढे ढकलायची गोळी द्या" असं म्हणून नवरेच न्यायला येतात.

खलबत्ता

नॉरएथिस्टेरॉन पाच मिलिग्रॅम. प्रिमोल्युट-एन, रेजेस्ट्रोन वगैरे. ही शेड्यूल एच आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. सगळीकडे सर्रास दिली जाते, तेही पाकीट न देता चार-सहा गोळ्या कापून, कागदाशिवाय.

नेहमीची पद्धत अशी: पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू, दिवसाला तीन वेळा एकेक गोळी, दहा-चौदा दिवसांपर्यंत. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणून गोळी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घ्यायला येऊन उपयोग नाही, आणि पाळी सुरू झाल्यावर तर नाहीच. दिवसाला एकच घेतली किंवा दुपारची विसरली तर मध्येच डाग पडायला लागतात. "गोळी लागू पडली नाही" म्हणतात ते बहुतेक वेळा असंच असतं.

ही गर्भनिरोधक नाही, हे ठासून सांगावं लागतं. आणि ही निव्वळ प्रोजेस्टेरॉनची म्हणून निर्धोक असंही नाही. या डोसला तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे रक्ताच्या गाठीचा धोका माला-डीसारखाच धरायचा. आधी गाठ झालेली, आभा असलेली (आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येणारी) अर्धशिशी, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव, अंगावर पाजणं, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांशिवाय नाही. गोळ्या चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, दम लागला, छातीत दुखलं तर गोळी बंद आणि तडक रुग्णालय. पंढरपूरपर्यंतचा बसचा प्रवास असेल तर दर दोन तासांनी उतरून चाला, पाणी प्या.

जी बाई आधीच माला-डी घेते तिला ही गोळी लागतच नाही. लोहाच्या सात गोळ्या सोडून सरळ पुढचं पाकीट सुरू केलं की पाळी आपोआप पुढे जाते. फार्मासिस्टने हे सांगितलं तर एक चिठ्ठी वाचेल.

रानजाई

ढकलायची गरज आहे का, हा प्रश्न वेगळ्या धाग्यावर शंभर प्रतिसाद घेईल, म्हणून इथे नको. एवढंच म्हणते की गोळी जिने घ्यायची तिला एकदा तरी विचारा.

निरांजन

अंगावरून पांढरं जाणं. काउंटरवर याचं एकच उत्तर ठरलेलं असतं: तीन औषधांचं एकत्र किट, म्हणजे फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन, सेक्निडाझोल. बुरशी असो, जंतू असो, सगळ्याला एकच मारा. ही तिन्ही चिठ्ठीची औषधं आहेत आणि आधी काय झालंय ते विचारलं तर निम्म्या वेळी त्यातलं एकच लागतं.

पाळीच्या मध्यावर येणारा पातळ, चिकट, बिनवासाचा स्राव हा आजार नाही. औषध नको.

दह्यासारखा घट्ट पांढरा, फारसा वास नाही पण खाज आणि आग: बहुधा बुरशी. क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या १०० मिलिग्रॅमच्या सहा रात्री, किंवा ५०० ची एकच. रात्री झोपताना, सोबतच्या नळीने आत सारून. दोन रात्रींत खाज थांबते म्हणून बंद करू नका. पाळी येणार असेल तर संपल्यावर सुरू करा. फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी तोंडाने घेतात, पण गर्भारपणात नाही. ती देण्याआधी "पाळी चुकली आहे का?" हे विचारायलाच हवं. नवऱ्याला त्रास नसेल तर बुरशीसाठी त्याला औषध लागत नाही.

पातळ, राखाडी, माशासारखा वास: जिवाणूंचा असमतोल. पिवळट-हिरवा, फेसाळ: ट्रायकोमोनास, यात जोडीदाराचाही उपचार व्हायला हवा, नाहीतर पुन्हा लागण. दोन्हींसाठी डॉक्टर. मेट्रोनिडाझोल किंवा सेक्निडाझोल चालू असताना दारू नको.

ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, संबंधाच्या वेळी दुखतं, रक्त येतं, फोड किंवा जखम आहे, गर्भार आहे, किंवा वर्षात चौथ्यांदा झालंय: यांतलं एकही असेल तर फार्मासिस्टने काही न विकता पाठवावं. पुन्हा पुन्हा बुरशी होत असेल तर साखर तपासा. बऱ्याच जणींचा मधुमेह असाच पहिल्यांदा सापडतो.

आणि ते सुगंधी वॉश. योनी आतून धुवायची नसते. आतले चांगले जिवाणू जातात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

कौलारू

याला जोडून पुरुषांचं: जांघेतली खाज. तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब मागतात, तिच्यात क्लोबेटासॉलसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवस आराम, मग चकदळ दुप्पट पसरतं, कातडी पातळ होते, पांढऱ्या भेगा पडतात त्या जात नाहीत. अशी स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये चिठ्ठीखाली आणली, तरी विक्री थांबलेली नाही. फार्मासिस्टकडे "स्टेरॉइड नसलेलं, फक्त बुरशीचं" असं स्पष्ट मागा.

तळेगावकर

गुप्तरोगासाठी सरकारी सोय कुठे असते? खासगीत जायची लाज वाटते म्हणून लोक मेडिकलमध्येच येतात.

मोगरी

जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात सुरक्षा क्लिनिक असतं. तपासणी, समुपदेशन मोफत. तिथली किट रंगांवरून ओळखतात: स्रावासाठी करडी किंवा हिरवी, जखमेसाठी पांढरी किंवा निळी, नागिणीच्या जातीच्या फोडांसाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळी. दुकानातल्या एकाच किटात सगळं कोंबलेलं असतं, इथे लक्षण बघून देतात. हा फरक आहे. हेल्पलाइन १०९७, मोफत.

एचआयव्हीची जोखीम वाटत असेल, म्हणजे कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठा. पीईपीची, म्हणजे लागण रोखण्याची, औषधं २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर तितकं बरं. आय-पिल यासाठी काहीही करत नाही, आणि लोक आय-पिल घेऊन निश्चिंत होतात.

पाचूंदा

गर्भपाताच्या गोळ्या. कुणीतरी लिहायला हवं. आमच्याकडच्या एकाही दुकानात मिळत नाहीत, चिठ्ठी असली तरी.

काळा कोट

महाराष्ट्रात २०१२ नंतर औषध प्रशासनाने या किटवर मोठी मोहीम घेतली, तेव्हापासून बहुतेक दुकानांनी ठेवणंच सोडलं. नोंदवही, घाऊक विक्रेत्याकडून आलेल्या प्रत्येक किटचा हिशेब, तपासणी. दुकानदार म्हणतो, त्यापेक्षा नकोच.

गंमत म्हणजे मोहीम लिंगनिदानाच्या रागातून झाली. गोळ्या शेवटच्या पाळीपासून नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आहेत. सोनोग्राफीत लिंग त्यानंतरच कळतं. मग लिंगनिवडीसाठी या गोळ्या वापरल्या जातात हा तर्क टिकतच नाही.

कायदा असा: चिठ्ठी गर्भपात कायद्याखाली पात्र डॉक्टरचीच हवी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. लग्न झालेलं असलं पाहिजे अशी अट नाही. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव उघड केलं तर कलम ५-अ प्रमाणे शिक्षा आहे.

खलबत्ता

फार्मासिस्टच्या बाजूने एवढंच. चिठ्ठीशिवाय मागच्या दाराने दुप्पट-तिप्पट पैशात मिळतं ते घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी कारण आहे: गर्भ पिशवीत आहे की नळीत, ते तपासल्याशिवाय कळत नाही. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत, नळी फुटून जीव जाऊ शकतो. रक्त कमी असेल, आधी सिझेरियन असेल, तांबी बसवलेली असेल, तर तेही आधी पाहावं लागतं.

गोळ्या घेतलेली कुणी सल्ला विचारायला आली तर हाकलू नका. लागोपाठ दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजणं, २४ तासांवर टिकणारा ताप, घाण वास, एका बाजूला किंवा खांद्यात दुखणं, चक्कर: १०८ बोलवा. काय घेतलं ते डॉक्टरांना सरळ सांगा, रिकामी पट्टी सोबत न्या.

टेम्सकाठचा

इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट म्हणून आहे, तुलनेसाठी लिहितो. डिसेंबर २०२३ पासून इथले फार्मासिस्ट गर्भनिरोधक गोळ्या स्वतः सुरू करून देऊ शकतात. रक्तदाब, वजन-उंची, ठरलेली प्रश्नावली, नोंद. बोलणं काउंटरवर होत नाही, दोन खुर्च्यांची बंद खोली असते. आपत्कालीन गोळीत युलिप्रिस्टलही मिळते, ती १२० तासांपर्यंत चालते. पण ती घेतल्यावर नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्या पाच दिवस सुरू करायच्या नसतात, नाहीतर दोघी एकमेकींचा परिणाम घालवतात. लेव्होनॉर्जेस्ट्रेलला हे बंधन नाही, दुसऱ्या दिवशी माला-डी सुरू करा, सात दिवस कंडोम. भारतातून येणाऱ्या मुली आय-पिलचा साठा सोबत आणतात. गरज नाही, इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते.

कौलारू

बंद खोली आपल्याकडे दहा बाय बाराच्या गाळ्यात कुठून आणणार. पण काउंटरच्या एका टोकाला फ्रिजच्या आडोशाला जागा करता येते, काही दुकानांत केलेली आहे.

शक्तीच्या गोळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. सिल्डेनाफिल, टाडालाफिल. चिठ्ठीची औषधं, तरी "दोन द्या" म्हणून सुटी विकली जातात. विचारायचं एकच: "काका, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?" सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट असेल तर ही गोळी अजिबात नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. उलटंही लक्षात ठेवा: सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही, म्हणून छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांपासून लपवू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तरी आधी डॉक्टर. मटणाच्या जेवणावर घेतली तर सिल्डेनाफिल उशिरा चढते. मग "लागू नाही" म्हणून दुसरी घेतात. असं करू नये. ताठरता चार तासांवर राहिली तर रुग्णालय.

तळेगावकर

कंडोमबद्दल दोन शंका. खोबरेल तेल चालतं का? आणि गाडीत ठेवलेले वापरावेत का?

निरांजन

खोबरेल नाही. व्हॅसलीन, बेबी ऑइल, कोल्ड क्रीमही नाही. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, फाटलेलं दिसतही नाही. पाण्याचा किंवा सिलिकॉनचा आधार असलेली जेली मागा. वर लिहिलेल्या योनीतल्या बुरशीच्या औषधांचा आधारही तेलकट असू शकतो. तो कोर्स चालू असताना कंडोमवर विसंबू नका.

गाडीतले टाकून द्या. डॅशबोर्ड, पाकीट, खिडकीतला कप्पा, सगळीकडे उष्णतेने लॅटेक्स कडक होतं. पाकिटावर बोट दाबा: आत हवेची उशी जाणवायला हवी. ती नसेल तर पाकिटाला भोक आहे. दात किंवा कात्री लावू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा. दोन एकावर एक घालू नका, घर्षणाने दोन्ही फाटतात.

मोगरी

प्रेग्नन्सी टेस्ट किटचं पण सांगून टाकते, सरकारी निश्चय असो की विकतचं. सकाळची पहिली लघवी, तीन थेंब, पाच मिनिटांत वाचायचं. पाकीट आधी फोडून ठेवू नका, दमट हवेने पट्टी बिघडते. पट्टीवर सी (कंट्रोल) आणि टी (टेस्ट) दोन्ही रेषा: गर्भ आहे, टी फिकट असली तरी. फक्त सी: नाही, किंवा अजून लवकर आहे, तीन दिवसांनी परत करा. सी नसेल तर टी कशीही असो, किट वाया गेलं.

पाचूंदा

रात्री केली तेव्हा एकच रेषा, सकाळी त्याच किटवर दुसरी पुसटशी दिसली, तर?

मोगरी

ती धरायची नाही. लघवी वाळल्यावर राखाडी रेघ उमटते, तिला रंग नसतो. नवं किट आणा, सकाळची पहिली लघवी, आणि या वेळी घड्याळ लावून पाच मिनिटांनी वाचा.